इंग्रजीच्या दारातून जर्मन : महाविद्यालयीन प्राथमिक अभ्यासक्रमाची चिकित्सा

१. प्रस्तावना

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत जर्मन भाषा शिकविली जाणे ही नवी गोष्ट नाही. अकरावी-बारावीला दुसरी भाषा म्हणून, पदवीच्या वर्गात ऐच्छिक विषय म्हणून आणि संध्याकाळच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमात जोडविषय म्हणून ती अनेक वर्षे शिकविली जात आहे. पुण्यातील रानडे इन्स्टिट्यूट आणि मॅक्सम्यूलर भवन ही नावे तर या संदर्भात सर्वपरिचित आहेत. तथापि, जर्मन शिकणाऱ्यांचा वर्ग आता बदलू लागला आहे. पूर्वी जर्मनकडे वळणारा विद्यार्थी बहुधा शहरी, इंग्रजी माध्यमातला, अभियांत्रिकी किंवा उच्च शिक्षणाची स्वप्ने पाहणारा असे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबेर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासंबंधी करार केला आणि दहा हजार तरुणांना पाठविण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात जर्मन सरकारने भारतीय कुशल कामगारांसाठीच्या वार्षिक व्हिसांची संख्या २०,००० वरून ९०,००० पर्यंत नेण्याचे ठरविले. परिणामी परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक होऊ पाहणारी, जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावी मराठी माध्यमात शिकलेली मुले-मुलीही आता 'ए१' नावाच्या पहिल्या पायरीपाशी येऊन उभी राहात आहेत.

या पहिल्या पायरीची घडण तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : आपल्याकडील प्राथमिक जर्मन अभ्यासक्रम मराठी विद्यार्थ्याला इंग्रजीच्या दारातून जर्मनमध्ये नेतो. वास्तविक जर्मन व्याकरणातील ज्या गोष्टी इंग्रजी भाषकाला सर्वाधिक जड जातात, त्यांपैकी अनेक मराठी भाषकाच्या बोलण्यात लहानपणापासून रुळलेल्या असतात. इंग्रजीच्या मध्यस्थीमुळे हे भांडवल वर्गाबाहेरच राहते आणि इंग्रजी भाषकाच्या अडचणी मात्र मराठी विद्यार्थ्याच्या पदरात विनाकारण पडतात.

लेखातील जर्मन शब्द उच्चारानुसार देवनागरीत दिले आहेत. शब्दाच्या शेवटी येणारा निसटता 'अ' अवग्रहाने दाखविला आहे.

२. पाठ्यपुस्तकाची परंपरा

परकीयांसाठीच्या जर्मन पाठ्यपुस्तकांचा इतिहास पाहिला, तर दोन टप्पे ठळकपणे दिसतात. १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेले डोरा शुल्ट्स आणि हाइन्त्स ग्रीसबाख यांचे पाठ्यपुस्तक व्याकरणाच्या चढत्या क्रमाने रचलेले होते आणि जगभर अनेक वर्षे वापरले गेले. १९८३ मध्ये आलेल्या 'थेमेन' या पुस्तकमालेपासून संवादाला प्राधान्य देणारी पद्धती रूढ झाली. बाजारात भाजी घेणे, रस्ता विचारणे, भेटीची वेळ ठरविणे अशा प्रसंगांभोवती पाठ गुंफले जाऊ लागले. पुढे आलेली 'श्टूडिओ डी', 'नेट्सवेर्क', 'मेन्शेन' ही पुस्तके याच वाटेवरची होत. त्यांच्या भारतीय आवृत्त्या आपल्याकडे उपलब्ध झाल्या आणि महाविद्यालयांनी त्या स्वीकारल्या.

ही पुस्तके प्रथम पानापासून जर्मनमध्ये असतात. ती कोणत्याही एका देशासाठी लिहिलेली नसतात. ब्राझीलचा, तुर्कस्तानचा आणि साताऱ्याचा विद्यार्थी त्यांच्या दृष्टीने सारखाच. या तटस्थतेला शैक्षणिक कारणे आहेत, तशी ती प्रकाशनव्यवसायाच्या सोयीचीही आहे. परंतु वर्गात ही तटस्थता टिकत नाही. पुस्तक जे सांगत नाही ते शिक्षक सांगतो, आणि आपल्याकडे तो ते इंग्रजीतून सांगतो. शब्दार्थ इंग्रजीत उतरवून घेतले जातात, नियम इंग्रजी संज्ञांनी समजावले जातात, फळ्यावरच्या तुलनेसाठी इंग्रजी वाक्य लिहिले जाते. अशा रीतीने एकभाषिक म्हणविणारे पुस्तक वर्गात गुपचूप द्विभाषिक होते. त्यातली दुसरी भाषा कोणती, याचा विचार मात्र कोणी केलेला नसतो.

गोएथे इन्स्टिट्यूटच्या अंदाजानुसार ए१ पातळी गाठण्यास ४५ मिनिटांच्या ८० ते २०० तासिका लागतात. ८० आणि २०० यांतील अंतर मोठे आहे. विद्यार्थी पूर्वज्ञान म्हणून काय घेऊन येतो, यावर ते बरेच अवलंबून असते. म्हणूनच मराठी विद्यार्थी नेमके काय घेऊन येतो हे पाहणे अगत्याचे ठरते.

३. लिंगविचार : हिशेबात न धरलेले भांडवल

प्राथमिक जर्मन वर्गातील पहिली धास्ती म्हणजे 'डेअर, डी, डास'. (शेवटच्या शब्दाने मराठी वर्गात हमखास हशा पिकतो, तो वेगळा.) इंग्रजीतून शिकविताना या तिन्ही शब्दांसमोर एकच इंग्रजी उपपद लिहिले जाते आणि विद्यार्थ्याला सांगितले जाते की जर्मनमध्ये निर्जीव वस्तूंनाही लिंग असते. इंग्रजी भाषकाला हे नवल वाटणे स्वाभाविक आहे. पण ज्याच्या भाषेत खुर्ची 'ती', पंखा 'तो' आणि कपाट 'ते' असते, त्याला हे नवल म्हणून सांगण्याचे प्रयोजन काय?

मराठीचे स्थान येथे विशेष आहे. हिंदीने नपुंसकलिंग सोडले. मराठी, कोकणी आणि गुजराती यांनी ते राखले. म्हणजे 'तो-ती-ते' ही त्रयी मराठी मुलाला शाळेच्याही आधी अवगत असते. 'डेअर-डी-डास' ही त्याच जातीची व्यवस्था आहे. प्रत्येक शब्दाचे लिंग दोन्ही भाषांत जुळेल असे अर्थातच नाही. दिवस आणि 'टाक' पुल्लिंगी, रात्र आणि 'नाख्ट' स्त्रीलिंगी, शाळा आणि 'शूलऽ' स्त्रीलिंगी, पुस्तक आणि 'बूख', घर आणि 'हाउस', पाणी आणि 'वासर', शेत आणि 'फेल्ट' नपुंसकलिंगी, असे अनेक शब्द जुळतात. उलट दूध नपुंसकलिंगी तर 'मिल्श' स्त्रीलिंगी, हात पुल्लिंगी तर 'हांट' स्त्रीलिंगी, असे न जुळणारेही तितकेच आहेत. जुळणी हा योगायोग आहे. परंतु शब्द आणि लिंग ही जोडी एकत्र ध्यानात ठेवण्याची सवय हा योगायोग नव्हे.

काही ठिकाणी तर साम्य योगायोगाच्या पलीकडे जाते. 'मेडशेन' म्हणजे मुलगी, आणि हा शब्द नपुंसकलिंगी. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे जर्मन भाषेचे विक्षिप्तपण वाटते. या शब्दाच्या शेवटी लघुत्वदर्शक प्रत्यय आहे आणि तो लागला की शब्द नपुंसकलिंगी होतो, हे त्याचे कारण. मराठीत लहान, कोवळे, अजून वाढायचे ते बहुधा 'ते' असते : वासरू, कोकरू, शिंगरू, पिल्लू, लेकरू, मूल, पोर. जर्मनमध्येही 'काल्प' (वासरू), 'लाम' (कोकरू), 'फोलेन' (शिंगरू), 'क्यूकेन' (कोंबडीचे पिल्लू) आणि 'किंट' (मूल) हे सर्व शब्द नपुंसकलिंगी आहेत. गोव्यातील कोकणी भाषकाला तर मुलगी या अर्थाचा 'चेडूं' हा शब्दच नपुंसकलिंगी असल्याने 'मेडशेन'चे कोडे पडण्याचे कारणच नाही. धातूंचेही तसेच : सोने, तांबे, लोखंड, शिसे, कथील मराठीत नपुंसकलिंगी आणि त्यांचे जर्मन प्रतिशब्दही नपुंसकलिंगी. हे सांगायला वर्गात पाच मिनिटे लागतात; ती पाच मिनिटे अभ्यासक्रमात कोठेही राखलेली नाहीत.

४. विभक्ती आणि अनुभव घेणारा 'मला'

दुसरी धास्ती विभक्तींची. इंग्रजीत नामांच्या विभक्ती जवळजवळ लोपल्या असल्याने इंग्रजीतून शिकविणाऱ्याला प्रथम विभक्ती म्हणजे काय हेच समजावावे लागते. मराठी शाळेत प्रथमा ते संबोधन हा तक्ता पाठ केलेल्या विद्यार्थ्यासमोर हीच कल्पना परकीय संज्ञा घेऊन येते, आणि तो ती ओळखत नाही. जर्मनच्या चार विभक्ती म्हणजे प्रथमा, द्वितीया, चतुर्थी आणि षष्ठी, एवढे एक वाक्य फळ्यावर लिहिले तरी ओळख पटेल.

याहून महत्त्वाचा मुद्दा वाक्यरचनेचा आहे. आवडणे, दुखणे, थंडी वाजणे, वाईट वाटणे अशा अनुभवांत मराठी माणूस स्वतःला कर्ता करीत नाही. तो 'मला' म्हणतो. 'मला घर आवडते' या वाक्यात घर प्रथमेत आहे आणि अनुभव घेणारा चतुर्थीत. जर्मन वाक्य 'डास हाउस गेफेल्ट मीर' याच घडणीचे आहे. 'मीर' म्हणजे आपला 'मला'. 'मीर इस्ट काल्ट' म्हणजे 'मला थंडी वाजते'. 'डेअर कोप्फ टूट मीर वे' या वाक्यात डोके दुखते, पण ज्याला दुखते तो 'मीर' आहे. इंग्रजीत मात्र आवडणाऱ्या आणि थंडी वाजणाऱ्या माणसाला कर्त्याच्या जागी बसवावे लागते. म्हणून इंग्रजीतून आलेला विद्यार्थी 'इश बिन काल्ट' असे म्हणून मोकळा होतो, आणि त्याचा अर्थ 'मी भावनाशून्य आहे' असा होऊन बसतो. ही चूक मराठीने करविलेली नाही. मराठीला विचारले असते तर ती झालीच नसती.

५. शब्दक्रम, संख्या आणि समास

जर्मन वाक्यात क्रियापद शेवटी जाते, ही तक्रार मार्क ट्वेनपासून इंग्रजी जगतात प्रसिद्ध आहे. जर्मन गौण वाक्य घेऊ : 'वाइल एर नाख हाउसऽ गेगांगेन इस्ट'. याचा मराठी अर्थ 'कारण तो घरी गेला आहे'. वाइल-कारण, एर-तो, नाख हाउसऽ-घरी, गेगांगेन-गेला, इस्ट-आहे. एकही शब्द जागचा हलवावा लागत नाही. तीच गोष्ट 'डास इश डॉइच श्प्रेखेन कान' याची : 'की मी जर्मन बोलू शकतो'. ही रचना ए१च्या पुढील पातळीच्या उंबरठ्यावर येते आणि तेथेच अनेकांचा धीर सुटतो. याचे कारण जर्मनचा अवघडपणा नाही. विद्यार्थी मनातल्या मनात आधी इंग्रजी वाक्य बांधतो, मग ते उलटवितो. दोनदा उलटविलेले वाक्य मूळ मराठी क्रमावरच परत येते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

संख्यांचेही असेच आहे. जर्मनमध्ये एकवीस म्हणजे 'आइन-उंट-त्स्वान्त्सिश', शब्दशः एक आणि वीस. इंग्रजीतून मोजणाऱ्याला आकडे उलटे वाटतात. एकवीस, बावीस, पंचवीस म्हणणाऱ्याला ते सरळच आहेत. (एकोणतीस-एकोणचाळीस हा आपला खास अपवाद.) २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी संख्यावाचनाची रीत आली आणि महाराष्ट्रात मोठा वाद झाला. जर्मनीतही 'त्स्वान्त्सिश-आइन्स', म्हणजे अगदी शब्दशः 'वीस-एक', या नावाची संस्था २००४ पासून याच सुधारणेचा पुरस्कार करीत आली आहे. दोन दूरच्या समाजांत एकच वाद होतो, कारण दोन्ही भाषांचे वळण एकच आहे. एका प्राथमिक वर्गासाठी याहून चांगला चर्चाविषय मिळणे कठीण.

समासांविषयी तर अधिक काय सांगावे! लांबलचक जर्मन शब्द हा इंग्रजी विनोदाचा विषय आहे. पण 'क्रांकेनहाउस' म्हणजे रुग्णालय, 'हांटशू' म्हणजे हातमोजा आणि 'हाउसआर्बाइट' म्हणजे घरकाम. सामासिक शब्दाचे लिंग शेवटच्या पदावरून ठरते हा जर्मनचा नियम. तत्पुरुषात उत्तरपद प्रधान असते, हे वाक्य मराठीच्या पेपरसाठी पाठ केलेल्या विद्यार्थ्याला तो नियम आधीच माहीत आहे. जर्मन भाषाशास्त्रज्ञ आपल्या समासांचे वर्णन करताना तत्पुरुष, बहुव्रीही, द्वंद्व याच संस्कृत संज्ञा वापरतात. ज्या संज्ञा भारतातून जर्मन विद्यापीठांत गेल्या, त्या आपल्याच जर्मन वर्गात परक्या व्हाव्यात, हा विरोधाभास विचार करण्याजोगा आहे.

उच्चारांतही हेच दिसते. जर्मन लिपीतील शेवटच्या अक्षराचा उच्चार 'त्स' असा होतो. इंग्रजी वाचनाची सवय असलेला विद्यार्थी तेथे 'झ' म्हणतो. मराठीतील चाक, चूल, चोर या शब्दांतला दंततालव्य 'च' हाच तो ध्वनी. 'त्साल' म्हणजे संख्या, 'त्सान' म्हणजे दात; हे शब्द मराठी जिभेला नवे नाहीत. मराठीत इ-ए या स्वरांपूर्वी हा 'च' तालव्य होतो, त्यामुळे 'त्सेन' (दहा) आणि 'त्सिमर' (खोली) या शब्दांचा वेगळा सराव लागेल, एवढेच.

६. मराठी जेथे साहाय्य करीत नाही

वरील विवेचनावरून मराठी ही जर्मनची सोपी गुरुकिल्ली आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. तुलना प्रामाणिक असेल तर तिने अडचणीही दाखविल्या पाहिजेत.

पहिली अडचण द्वितीया-चतुर्थीची. मराठीत दोहोंचे प्रत्यय बव्हंशी सारखे आहेत. 'मी त्याला पाहतो' आणि 'मी त्याला पुस्तक देतो' या दोन्ही वाक्यांत 'त्याला' एकच. जर्मनमध्ये पहिला 'ईन' आणि दुसरा 'ईम'. इंग्रजीतही दोन्ही ठिकाणी एकच रूप असल्याने तीही येथे उपयोगी नाही. प्रत्यक्ष कर्म आणि अप्रत्यक्ष कर्म हा शालेय मराठी व्याकरणातील भेद मात्र नेमका येथे कामी येतो. दुसरी अडचण दिशा आणि स्थान यांची. 'शाळेत जातो' आणि 'शाळेत आहे' यांत मराठी भेद करीत नाही. जर्मन मात्र 'इन डी शूलऽ' आणि 'इन डेअर शूलऽ' असा भेद करते. येथे संस्कृत शिकलेल्याला 'शालां गच्छति' आणि 'शालायाम् अस्ति' यांची आठवण होईल. तिसरी अडचण म्हणजे मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्याच स्थानी ठेवण्याचा नियम. तो मराठीतही नाही आणि आजच्या इंग्रजीतही सर्वसाधारण नियम म्हणून नाही, त्यामुळे तो मुळापासूनच शिकावा लागतो.

काही ठिकाणी इंग्रजी खरोखरच अधिक जवळची आहे. मराठीत उपपदे नाहीत. निश्चित आणि अनिश्चित उपपदांचा भेद इंग्रजीवरून चटकन कळतो. 'माझ्याकडे पुस्तक आहे', 'मला दोन भाऊ आहेत' या ठिकाणी जर्मन इंग्रजीप्रमाणेच मालकीचे क्रियापद वापरते. शब्दसंग्रहातील साम्य तर उघड आहे. तेव्हा इंग्रजी वर्गातून घालवावी असा प्रस्तुत लेखाचा आग्रह नाही. आग्रह आहे तो इंग्रजीच्या एकट्या मक्तेदारीविरुद्ध.

७. पाठ्यपुस्तकातील जग

भाषेच्या घडणीइतकाच आशयाचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. ए१च्या पाठांत माणसे उपाहारगृहात कॉफी मागवितात, घर भाड्याने शोधतात, सुट्टीत समुद्रकिनारी जातात आणि स्वतःच्या छंदांविषयी बोलतात. जर्मनीत राहू इच्छिणाऱ्याने हे शिकले पाहिजे, यात दुमत नाही. परंतु याच पुस्तकातील पहिला पाठ स्वतःची ओळख करून देण्याचा असतो, आणि तेथे विद्यार्थ्याला स्वतःविषयी बोलायचे असते. आई शेतात जाते, घरी दोन म्हशी आहेत, रात्री भाकरी-पिठले असते, आजी आमच्यातच राहते, हे सांगण्यापुरते शब्द पुस्तकात बहुधा मिळत नाहीत. मग विद्यार्थी पुस्तकात आहेत तेच छंद आणि तोच नाश्ता स्वतःचा म्हणून सांगतो. व्याकरण बिनचूक असते. ओळख मात्र दुसऱ्या कोणाची तरी असते. परकी भाषा शिकण्याच्या पहिल्याच दिवशी स्वतःचे घर लपवावे लागावे, ही किरकोळ बाब नव्हे.

नातेसंबंधांच्या पाठात हे अधिक उघड होते. आत्या, मावशी, काकू, मामी या सर्वांसाठी आजच्या जर्मनमध्ये 'टांटऽ' हा एकच शब्द आहे. पुस्तक ते सांगून पुढे जाते. वस्तुतः जुन्या जर्मनमध्ये मामासाठी 'ओहाइम', मावशीसाठी 'मूमऽ', आत्यासाठी 'बाझऽ' आणि काकासाठी 'फेटर' असे वेगळे शब्द होते. पुढे फ्रेंचमधून आलेल्या 'ओंकेल' आणि 'टांटऽ' या शब्दांनी त्यांची जागा घेतली. ही माहिती मराठी वर्गात दिली तर विद्यार्थ्याला दोन गोष्टी कळतील : आपली भाषा मागासलेली नाही, आणि जर्मन समाजही नेहमी आजच्यासारखा नव्हता.

आदरार्थी संबोधनाचा पाठही असाच. 'डू' आणि 'झी' यांचा भेद इंग्रजीतून समजावताना औपचारिक-अनौपचारिक असे कोरडे वर्गीकरण दिले जाते. एका व्यक्तीसाठी अनेकवचनी क्रियापद का, हा प्रश्न इंग्रजी भाषकाला पडतो. 'सर आले', 'बाबा जेवत आहेत' म्हणणाऱ्याला तो पडू नये. त्याचा खरा प्रश्न निराळा असतो : रेषा नेमकी कोठे आखायची? जर्मन माणूस देवाला, आईला आणि मित्राला 'डू' म्हणतो. आपणही देवाला आणि आईला 'तू'च म्हणतो. पण आजोबांना 'डू' म्हणताना मराठी जीभ अडखळते, आणि बरोबर काम करणाऱ्या समवयस्क अनोळखी माणसाला 'झी' म्हणणे तिला परकेपणाचे वाटते. रुग्णालयात काम करणाऱ्या परिचारिकेच्या दृष्टीने ही रेषा व्याकरणापुरती नाही. तिच्या रोजच्या प्रतिष्ठेशी तिचा संबंध आहे.

८. काही आक्षेप

मातृभाषा वर्गात आणली की विद्यार्थी भाषांतराच्या आहारी जातो, हा पहिला आक्षेप. त्यात तथ्य आहे. म्हणून वर्गाचा बहुतांश वेळ जर्मनमध्येच गेला पाहिजे. प्रश्न उरलेल्या वेळेचा आहे. तो वेळ आज इंग्रजीला दिला जातो, आणि इंग्रजीतून केलेले भाषांतर हेही भाषांतरच असते.

दुसरा आक्षेप वर्गाच्या संमिश्रतेचा. पुण्या-मुंबईच्या वर्गात गुजराती, तमिळ, हिंदी भाषकही असतात, मग मराठीच का? याचे उत्तर असे की, तुलनेसाठी एकाच भाषेची सक्ती करण्याचे कारण नाही. गुजराती विद्यार्थ्याकडेही तीन लिंगे आहेत; तमिळ विद्यार्थ्याच्या भाषेतही क्रियापद शेवटी येते आणि अनुभव घेणारा चतुर्थीत असतो. 'तुमच्या भाषेत हे कसे म्हणतात?' हा प्रश्न शिक्षकाने विचारला, तरी निम्मे काम होते.

तिसरा आक्षेप प्रमाणीकरणाचा आहे : पातळ्या आंतरराष्ट्रीय, परीक्षा आंतरराष्ट्रीय, शंभरपैकी साठ गुण मिळविणे आवश्यक, मग स्थानिक विचाराला जागा कोठे? येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. ए१ ते सी२ या पातळ्या ज्या दस्तऐवजातून आल्या, त्या युरोप परिषदेच्या २००१ च्या सामायिक संदर्भ-चौकटीचा गाभाच बहुभाषिकता हा आहे. माणसाच्या सर्व भाषा मिळून त्याची एकच भाषिक क्षमता घडते, अशी तिची भूमिका आहे. २०२० च्या पूरक खंडाने एका भाषेतून दुसऱ्या भाषेत मध्यस्थी करण्याच्या क्षमतेलाही विस्ताराने स्थान दिले. आपण या दस्तऐवजातून पातळ्यांची नावे घेतली आणि विचार तेवढा मागे ठेवला.

९. समारोप

या सर्व विवेचनाला एक कटू पार्श्वभूमी आहे. अकरावी-बारावीला जर्मन हा विषय बहुधा मराठी, हिंदी किंवा संस्कृत यांना पर्याय म्हणून घेतला जातो, आणि तो अधिक गुण देतो अशी समजूत आहे. म्हणजे वेळापत्रकानेच या भाषा एकमेकींच्या प्रतिस्पर्धी केल्या आहेत. ज्या क्षणी विद्यार्थ्याला विभक्ती, समास आणि प्रयोग यांची सर्वाधिक गरज पडते, त्याच क्षणी तो ते विषय सोडून आलेला असतो. जर्मनचा शिक्षक आणि मराठीचा शिक्षक एकाच मजल्यावर बसतात. त्यांच्या अभ्यासक्रमांची मात्र कधी भेट होत नाही.

त्यावर करावयाचे उपाय खर्चिक नाहीत. पाठ्यपुस्तक बदलण्याचीही गरज नाही. त्याच्या जोडीला तीस-चाळीस पानांची एक मराठी पुस्तिका पुरे : तीत लिंगे, विभक्ती, 'मला' प्रकारची वाक्ये, संख्या, समास, उच्चार आणि संबोधने यांची तुलना असावी, मराठी कोठे फसवते हे स्पष्ट सांगितलेले असावे आणि शेवटी विद्यार्थ्याच्या स्वतःच्या घराविषयी बोलण्यासाठी लागणाऱ्या शंभरेक शब्दांची यादी असावी. महाविद्यालयातील जर्मन आणि मराठी विभागांनी मिळून ती एका सत्रात तयार करणे अशक्य नाही.

प्रश्न केवळ सोयीचा असता तर एवढे विस्ताराने लिहिण्याचे कारण नव्हते. परिचारिकेला जर्मनीत पूर्ण मान्यता मिळण्यासाठी सामान्यतः बी२ पर्यंत जावे लागते. ए१ ही त्या लांबच्या वाटेची सुरुवात आहे. या सुरुवातीलाच मराठी माध्यमाचा विद्यार्थी इंग्रजीतले स्पष्टीकरण कळले नाही म्हणून 'जर्मन आपल्याला जमणार नाही' असे ठरवून बसला, तर तो जर्मनमध्ये अनुत्तीर्ण झालेला नसतो. तो इंग्रजीत अडकलेला असतो, आणि त्याची नोंद मात्र जर्मनच्या गुणपत्रिकेवर होते. ज्या भाषेत त्याला घर आवडते, डोके दुखते आणि एकवीस मोजता येतात, त्या भाषेला वर्गात बसायला एक जागा मिळाली, तर यातली पुष्कळ मुले पहिली पायरी ओलांडतील. पुढच्या पायऱ्या त्यांना स्वतःच्या कष्टाने चढायच्याच आहेत.